सुटका आणि हक्क : आफ्रिकी माणूस व मराठी मुलूख

मानवी हक्कांसंबंधी मराठीत जे लेखन होते त्यात आफ्रिका खंड बहुधा दुष्काळ, यादवी युद्धे आणि निर्वासितांच्या छावण्या यांच्या बातम्यांपुरताच येतो. त्या खंडातील माणसे याच मुलखात आणली गेली, येथल्या शाळांत शिकली, येथल्या गोदीत राबली आणि त्यांपैकी काहींनी परत जाऊन आपल्या लोकांच्या हक्कांसाठी जोखीम पत्करली, हा भाग मात्र तळटीपेतच राहिला आहे. या संमेलनाच्या अध्यक्षपदावरून तो मांडण्याचा हेतू केवळ विस्मरणाची भरपाई करणे हा नाही. गुलामाची सुटका होणे आणि त्याला हक्क मिळणे या दोन वेगळ्या घटना आहेत, त्यांच्यामध्ये कधी दशके तर कधी शतके जातात, आणि आजच्या आफ्रिकेतील अनेक समाजांचे प्रश्न नेमके या मधल्या काळातले आहेत, हे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

संमेलनाचे स्थळ या विषयाला परके नाही. मार्वेच्या धक्क्यावरून होडीने खाडी ओलांडून ज्या मनोरीत प्रतिनिधी आले, ते गाव धारावी बेटाच्या दक्षिण टोकाला आहे. १५३४ च्या तहाने वसई प्रांत पोर्तुगिजांकडे गेल्यापासून १७३९ च्या मराठी मोहिमेपर्यंत हा किनारा त्यांच्या अमलाखाली होता. त्या काळात मोझांबिकच्या किनाऱ्यावरून आणलेले गुलाम गोवा, दमण, दीव आणि वसई येथील पोर्तुगीज घरांत राबत होते. वर्षातून दोनदा दिशा बदलणाऱ्या मोसमी वाऱ्यांनी पूर्व आफ्रिका आणि कोकण ही दोन टोके शतकानुशतके जोडून ठेवली होती, आणि या वाटेने हस्तिदंत जसा आला तशी माणसेही विकली गेली.

यांपैकी जे सत्तेपर्यंत पोहोचले त्यांची नोंद इतिहासाने ठेवली. इथिओपियाच्या परिसरात जन्मलेला, अनेकदा विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा सूत्रधार झालेला मलिक अंबर, त्याने १६१० मध्ये वसवलेली खडकी, त्याची जमीनमहसुलाची पद्धत, तसेच १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत टिकलेले जंजिऱ्याचे सिद्दी संस्थान, हे सारे शाळेच्या पुस्तकापासून परिचयाचे आहे. मात्र एका अंबराच्या मागे निनावी राहिलेली असंख्य माणसे होती, आणि हक्कांचा विचार सेनापतीच्या चरित्रापेक्षा या निनावी माणसांपासून सुरू करणे अधिक योग्य ठरते.

एकोणिसाव्या शतकात मुंबई हे या निनावी माणसांचे मोठे ठाणे झाले. १८४३ च्या कायद्याने कंपनी सरकारच्या मुलखात गुलामीला न्यायालयीन मान्यता उरली नाही, म्हणजे एखादा माणूस आपली मालमत्ता आहे असा दावा कोणालाही कचेरीत चालवता येईना. त्याच सुमारास आणि पुढेही ब्रिटिश आरमाराची जहाजे अरबी समुद्रात गुलामवाहू गलबते पकडून त्यांतील माणसे मुंबईस उतरवत असत. ही माणसे कायद्याने मोकळी झाली होती, परंतु त्यांचे पुढे काय करायचे हे त्यांना कोणी विचारले नाही. काही मुले आरमारात भरती झाली, काही मिशनच्या शाळांत गेली, काही स्त्रिया व मुली ‘प्रतिष्ठित’ कुटुंबांत घरकामासाठी सोपवल्या गेल्या, तर अनेक पुरुष बोटींच्या भट्ट्यांमध्ये कोळसा ओढू लागले. सरकारी कागदपत्रांत त्यांचा उल्लेख सोडवलेले लोक म्हणून येतो. सोडवले कोणी आणि कोणाच्या हवाली केले हे त्यांत सापडते, जायचे कुठे होते हे सापडत नाही.

१८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूर ही वस्ती उभारली आणि मुंबईस आणलेली आफ्रिकी मुले तेथे येऊ लागली. आज शरणपूर रोड म्हणून नाशिककर ज्या रस्त्याने रोज ये-जा करतात, त्या परिसरात ही मुले अक्षरओळखीबरोबर सुतारकाम आणि लोहारकाम शिकत होती. मूळची भाषा, गाव आणि आईबापांनी ठेवलेले नाव बहुतेकांपासून दुरावले होते, आणि बाप्तिस्म्याबरोबर नवे इंग्रजी नाव मिळाले होते. प्रवासी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन याने १८६५ मध्ये आपल्या अखेरच्या मोहिमेसाठी यांतीलच काही तरुण निवडले. पुढे १८७२ मध्ये त्याच्या मदतीसाठी जी तुकडी पाठवण्यात आली तिच्यात याओ जमातीचा, नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट होता. मे १८७३ मध्ये चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन मरण पावला, तेव्हा त्याचा देह किनाऱ्यापर्यंत न्यायचा हा निर्णय त्याच्या आफ्रिकी सोबत्यांनी घेतला. झाडाच्या बुंध्यावर नाव आणि तारीख कोरण्याचे काम वेनराइटने केले, आणि सुमारे नऊ महिन्यांच्या पायपिटीनंतर हा काफिला फेब्रुवारी १८७४ मध्ये बागामोयोला पोहोचला. लंडनने या लोकांचा गौरव ‘इमानी नोकर’ म्हणून केला. अनोळखी मुलखांतून, आजार आणि विरोध यांना तोंड देत मोहीम पार पाडणाऱ्या माणसांचे नेतृत्व आणि निर्णयशक्ती ‘इमान’ या एका शब्दात गुंडाळली गेली, आणि सुटका झालेल्याने कायम कृतज्ञ राहावे ही अपेक्षा त्या गौरवातही शिल्लक राहिली.

मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या शिष्टाईनंतर जून १८७३ मध्ये झांझिबारच्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद करण्याचा करार केला, आणि त्यांच्याच नावाने मोंबासाजवळ फ्रिअरटाउन ही मुक्तांची वसाहत निघाली. ती उभारण्यासाठी शरणपूरचे अनुभवी मिशनरी विल्यम प्राइस यांना पाठवण्यात आले, आणि नाशिक-मुंबईकडील आफ्रिकी कुटुंबेही तेथे नेण्यात आली. किनाऱ्यावरचे लोक त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. लिहिता-वाचता येणारी, हातात कसब असलेली ही माणसे मिशनच्या कामाचा कणा होती, तरीही वेतन, अधिकार आणि मान यांबाबत गोऱ्या मिशनऱ्यांशी त्यांचे वारंवार खटके उडाले. मुक्तांच्या त्या वसाहतीत फटक्यांची शिक्षा दिली जाते, या तक्रारीवरून १८८१ मध्ये चौकशीही झाली.

याच ‘बॉम्बे आफ्रिकन’ मंडळींतील विल्यम जोन्स हा १८६४ मध्येच मोंबासाजवळच्या राबाई येथे गेला होता. राबाईच्या वस्तीत किनाऱ्यावरच्या मळ्यांतून पळालेले गुलाम आसरा घेऊ लागले. मालकांशी वैर नको म्हणून पळपुट्यांना ठेवून घेऊ नये असे मिशनचे अधिकृत धोरण होते. जोन्सच्या देखरेखीखालील राबाईत मात्र त्यांची संख्या वाढतच गेली. अखेर १८८८ मध्ये मालकांनी आपली ‘मालमत्ता’ परत मागितली, तेव्हा पूर्व आफ्रिकेतील ब्रिटिश कंपनीचा प्रतिनिधी जॉर्ज मॅकेन्झी याने भरपाई देऊन प्रश्न मिटवला, आणि १ जानेवारी १८८९ रोजी सुमारे १,४०० जणांना मुक्ततेचे कागद वाटण्यात आले. या घटनेत भरपाई मालकाला मिळाली आणि गुलामाला कागद मिळाला, ही तिची एक बाजू झाली. दुसरी बाजू अशी की हा कागद द्यावा लागला तो आधी माणसे आपल्या पायांनी पळाली आणि एका माजी गुलामाने त्यांना दार उघडून दिले म्हणून. सुटका वरून येते, हक्क मात्र खालून मागावा लागतो, हे तत्त्व राबाईइतके स्पष्ट क्वचितच कोठे दिसते.

मुक्ततेचा कागद हाती असूनही हक्क न मिळणे ही एकोणिसाव्या शतकातच संपलेली गोष्ट नाही. नायजर देशात हादिजातू मानी ही स्त्री वयाच्या बाराव्या वर्षी विकली गेली. तेथील ‘वहाया’ प्रथेनुसार चार विवाहित बायकांव्यतिरिक्त आणखी एक स्त्री दासी म्हणून ठेवली जाते. २००३ मध्ये नायजरने गुलामी हा गुन्हा ठरवला, २००५ मध्ये मालकाने तिला मुक्ततेचा दाखला दिला, आणि ती निघून जाऊ लागताच तीच आपली पत्नी असल्याचा दावा केला. तिने स्वेच्छेने दुसऱ्याशी लग्न केले तेव्हा द्विविवाहाच्या आरोपाखाली तीच तुरुंगात गेली. पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांच्या आर्थिक समुदायाच्या न्यायालयाने २७ ऑक्टोबर २००८ रोजी तिच्या बाजूने निकाल देऊन एक कोटी सीएफए फ्रँक भरपाई देण्यास सांगितले, आणि ती मालकाकडून नव्हे, तर तिचे रक्षण न करणाऱ्या राज्यसंस्थेकडून. राबाईत पैसा ज्या दिशेने गेला होता तिच्या अगदी उलट दिशा या निकालाने ठरवली.

केनियात कागदाचा प्रश्न नागरिकत्वाच्या रूपाने उभा राहिला. मोझांबिकहून केनियाच्या किनाऱ्यावरील घायपात व उसाच्या मळ्यांत आलेले माकोंदे लोक कित्येक पिढ्या तेथे राहूनही ओळखपत्रावाचून होते, म्हणजे त्यांना जमीन, बँकखाते, मतदान यांपैकी काहीच कायदेशीरपणे मिळत नव्हते. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी क्वालेहून नैरोबीकडे मोर्चा काढला आणि त्यानंतरच त्यांची नागरिक म्हणून नोंद झाली.

२७ जून १९८१ रोजी नैरोबीत स्वीकारलेल्या आणि २१ ऑक्टोबर १९८६ पासून अमलात आलेल्या आफ्रिकी सनदेचे वैशिष्ट्य असे की तिच्या नावातच मानवाच्या जोडीने ‘लोकां’चे हक्क आहेत, व्यक्तीप्रमाणेच एखाद्या समाजाला आपल्या नैसर्गिक संपत्तीवर, विकासावर आणि समाधानकारक पर्यावरणावर सामूहिक हक्क असतो असे ती मानते. १९७० च्या दशकात केनियातील बोगोरिया तलावाच्या काठावरून अभयारण्यासाठी हटवलेल्या एन्दोरोइस पशुपालकांच्या दाव्यात आफ्रिकी आयोगाने याच आधारे केनिया सरकारला दोषी ठरवले, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये त्या निर्णयाला आफ्रिकी संघाची मान्यता मिळाली. समाजाला पूर्ण माहिती देऊन, दबावाशिवाय आणि काम सुरू होण्यापूर्वी त्याची संमती घेतली पाहिजे, हे सूत्र त्या निर्णयात ठळक झाले. मनोरीच्या कोळी आणि ईस्ट इंडियन घरांना या सूत्राचा अर्थ वेगळा समजावण्याची गरज नाही. समुद्राचे पाणी गोडे करण्याचा रोज २०० दशलक्ष लिटर क्षमतेचा महापालिकेचा प्रकल्प याच गावासाठी आखला गेला, आणि त्यातून परत समुद्रात सोडल्या जाणाऱ्या अतिखारट पाण्याचा मासळीवर काय परिणाम होईल, असा प्रश्न मच्छीमारांनी विचारला. मुंबईला पाणी हवे हे खरे, आणि म्हणूनच ज्यांची जाळी त्या पाण्यात पडतात त्यांना आधी विचारायचे की नंतर कळवायचे, या भेदाला महत्त्व येते.

भारतातील आफ्रिकी वंशाच्या समाजाकडे पाहिले तर हाच भेद पुन्हा दिसतो. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागांत राहणाऱ्या, घरात कोकणी बोलणाऱ्या आणि हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती अशा तीनही धर्मांत विभागलेल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ मध्ये मिळाला. त्याआधी १९८७ मध्ये त्यांच्यासाठी शासनाने जी खास योजना आखली ती खेळाडू घडवण्याची होती. त्यांचे मूळ आफ्रिकेत, म्हणून त्यांच्यात धावपटू असणारच, या गृहीतकावर ती उभी होती आणि काही वर्षांतच बंद पडली. जमिनीचा पट्टा आणि शाळेतले शिक्षक या त्यांच्या मागण्यांना मात्र वाट पाहावी लागली.

शिक्षण किंवा व्यापारासाठी आज पुणे, मुंबई आणि गोव्यात येणाऱ्या आफ्रिकी नागरिकांचा अनुभवही फार वेगळा नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये गोव्यात एका नायजेरियन माणसाचा खून झाल्यावर त्याच्या देशबांधवांनी महामार्ग अडवला, आणि चर्चा खुनाऐवजी नायजेरियन लोकांना हाकलण्यावर येऊन ठेपली. गुन्हा करणाऱ्याला शिक्षा व्हावीच, परंतु त्वचेच्या रंगावरून भाड्याचे घर नाकारणे किंवा संपूर्ण समूहाला संशयित मानणे ही शिक्षा नसून भेदभाव आहे. भारतीय संविधानाचे कलम १४ म्हणजे कायद्यापुढील समानता आणि कलम २१ म्हणजे जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य, ही दोन्ही केवळ नागरिकांना नव्हे, तर या भूमीवरील प्रत्येक व्यक्तीला लागू आहेत, ही गोष्ट गृहनिर्माण संस्थांच्या सभांतही माहीत असायला हवी.

साहित्याचा यात वाटा कोणता, हा प्रश्न संमेलनात अटळ आहे. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चळवळीकडून नाव आणि प्रेरणा घेतली, आणि जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या साहित्याचा मराठीत परिचय करून दिला. आफ्रिका खंडातील लेखकांकडे मात्र मराठीचे लक्ष त्या मानाने कमी गेले. न्गुगी वा थ्योंगो यांना केनिया सरकारने १९७७ च्या अखेरीस विनाचौकशी तुरुंगात टाकले, तेव्हा त्यांनी कामिटी तुरुंगात शौचालयाच्या कागदावर गिकुयू भाषेत कादंबरी लिहिली आणि पुढे कादंबरीसाठी इंग्रजी सोडली. तेलकंपन्यांनी नासवलेल्या ओगोनी भूमीसाठी लढणारे नायजेरियन लेखक केन सारो-विवा यांना १० नोव्हेंबर १९९५ रोजी फाशी देण्यात आले. आपल्या भाषेत बोलणे आणि आपल्या जमिनीबद्दल बोलणे या दोन्हींची किंमत या लेखकांनी मोजली, आणि त्यांना केवळ बळी म्हणून वाचणे म्हणजे वेनराइटला केवळ इमानी म्हणण्यासारखेच होईल.

म्हणून या संमेलनापुढे तीन कामे ठेवणे उचित ठरते. मुंबई इलाख्याचे दप्तर जेथे आहे त्या महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारातील, येथे उतरवलेल्या आफ्रिकी माणसांसंबंधीच्या नोंदी मराठीत संपादित व्हाव्यात. उत्तर कन्नड, गोवा आणि कोकणातील सिद्दी कुटुंबांच्या मौखिक परंपरा त्यांच्याच संमतीने आणि त्यांच्याच नावाने नोंदवल्या जाव्यात. आणि आफ्रिकी साहित्य इंग्रजीवरूनच न आणता स्वाहिलीसारख्या भाषा शिकलेले मराठी अनुवादक विद्यापीठांनी तयार करावेत. या तिन्ही कामांत एक अट समान असावी, ती अशी की ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांना प्रथम विचारले जावे. कारण १८४३ नंतर मुंबईच्या बंदरावर उतरलेल्या माणसांना सुटका देणाऱ्यांनी नेमकी हीच गोष्ट केली नाही, आणि त्यांच्या हक्काचा प्रश्न तेथूनच उरला.