किल्ला मुलांच्या हातांनी उभा राहू द्या

(नवलाख उंबरे येथे पालकांसमोर केलेल्या भाषणाचा सारांश)



दिवाळीच्या सुट्टीत अंगणोअंगणी किल्ले उभे राहतात. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे दुर्ग तर आपल्या मावळातलेच! परंतु अनेक घरी किल्ला वडील बांधतात किंवा बाजारातून तयार आणतात. मूल केवळ चित्रे मांडते. खरा लाभ तेथेच हुकतो.

तीन-चार वर्षांच्या बालकाच्या मनगटातील हाडे पूर्ण घडलेली नसतात, बोटांचे स्नायू कोवळे असतात. अशा हाती पेन्सिल देऊन अक्षरे गिरवून घेणे म्हणजे पायाआधी कळस चढविणे होय. माती मळताना तळहातास बळ येते. बुरूज थापताना दोन्ही हात एकमेकांस साथ देतात. किल्ल्यावर मोहरी पेरताना, रांगोळीची चिमूट सोडताना अंगठा व तर्जनी जुळतात. हीच पकड पुढे लेखणी धरते.

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा खडे, शिंपले, पाने, बिया हीच त्यांची साधने होती. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळ व कृती यांवरच भर दिला आहे. आपल्या खळ्यावर तर भाताचे दाणे आहेत, पेंढा आहे. ते मुलांना निवडू द्या, वळू द्या. मात्र लहानगे दाणे नाका-तोंडात घालतात, म्हणून जवळ बसा.

मुलाचा बुरूज वाकडा होईल. तो सरळ करण्यासाठी आपला हात पुढे करू नका. त्या बुरुजासोबत त्याची बोटे घडत आहेत.