सातची मालिका

(महिला गटांच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजकाल शिकल्यासवरल्या घरांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "टीव्ही अजून लावतं का कुणी?" विचारणाऱ्यांच्या घरी माणशी एक मोबाईल असतो, वायफाय असतं. आमच्याही घरी तसंच आहे. रात्री मी एका खोलीत, नवरा दुसऱ्या खोलीत, दोघांच्या कानांत बोंडं. वेळेवर टीव्ही लावणारं माणूस एकच, माझ्या सासूबाई. मलाही ती जुन्या माणसांची सवय वाटायची.

आमच्या वस्तीत काम करताना वेगळं दिसतं. पत्र्याच्या घरावरसुद्धा छत्री असते. बऱ्याच ठिकाणी ती दूरदर्शनची फ्री डिश. २००४ साली ही सेवा सुरू झाली. छत्री आणि डबा एकदा घेतला की महिन्याचे पैसे नाहीत. केबलचं बिल थकलं की घरातली भांडणं कशी होतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पण कारण नुसतं पैशाचं नाही. एका ताईला मी म्हटलं, "आता मोबाईलवर कधीही बघता येतं की." त्या म्हणाल्या, "कधीही म्हणजे कधी, मॅडम?"

मला उत्तर देता आलं नाही. सातला मालिका लागते हे त्यांच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. साडेसहाला कणीक मळून झालेली असते. सात ते साडेसात सासरे पाणी मागत नाहीत, मागितलंच तर मुलगा उठतो. त्याही वेळी त्यांच्या हातात मेथीची जुडी असतेच म्हणा, पण त्या बसलेल्या असतात. तीच मालिका "सवडीने बघ" म्हटलं की संपलं. बाईची सवड सगळ्यांची कामं आटोपल्यावर येते, आणि तेव्हा डोळे मिटत असतात. वेळ ठरलेली होती म्हणून ती अर्ध्या तासावर हक्क सांगू शकत होती.

आणि मोबाईल कुणाचा? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे ५४ टक्के बायकांकडे स्वतः वापरायचा फोन होता. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बायका ३३ टक्के. त्यानंतर फोन वाढले असतील, वस्तीत तर दिसतातच. पण फोन हातात असणं आणि आपला असणं यात फरक आहे. रिचार्ज नवरा करतो, कुलपाचा आकडा मुलाला माहीत, काय पाहिलं याची यादी कुणीही उघडतो.

तरुण मुलींचं मात्र निराळं आहे, तेही कबूल करायला हवं. घरच्या टीव्हीवर जे लावू देणार नाहीत ते त्या पांघरुणात मोबाईलवर बघतात. त्यांना ही एकट्याची खिडक मिळाली, याचा मला आनंदच आहे. मालिकांमधल्या सोशिक सुनांवर आपण इतकी वर्षं टीका केली. तीही काही मी मागे घेत नाही. मी बोलतेय ते अर्ध्या तासाबद्दल.

२ नोव्हेंबर २०२५ची रात्र आठवा. नवी मुंबईत बायकांच्या विश्वचषकाची अंतिम लढत. पावसामुळे सामना दोन तास उशिरा, पाचला सुरू झाला. आमच्या बालवाडीच्या खोलीत आम्ही टीव्ही लावला होता. भारताच्या २९८ धावा झाल्या तेव्हा बऱ्याचजणी स्वयंपाकाला घरी पळाल्या आणि परत आल्या. एकीचा नवरा दारात येऊन म्हणाला, "उद्या मोबाईलवर बघ ना, सगळं दाखवतात." ती म्हणाली, "उद्या निकाल ठाऊक असतो. मग बघायचं काय?" आणि बसून राहिली. वोल्वार्टचा उडालेला झेल अमनज्योतच्या हातात दोनदा निसटून तिसऱ्यांदा बसला, तेव्हा खोलीत काय आरडाओरडा झाला! शेवटचा झेल हरमनप्रीतने घेतला तोवर बारा वाजून गेले होते. इतक्या रात्री इतक्या बायका घराबाहेर, आणि त्याही कुणाच्या लग्नाला किंवा मयताला नव्हे. अशी रात्र आमच्या वस्तीत मी पहिल्यांदाच पाहिली.

त्या रात्री निघताना मी सहज म्हटलं, "बचतगटाच्या बैठकीला एवढ्याजणी का येत नाही?" सगळ्या हसल्या. मग एकीने सांगितलं, "मॅडम, तुम्ही बैठक सातला ठेवता."

चार वर्षं मी ती सातलाच ठेवत होते. त्या वेळी बायका मोकळ्या असतात, असं मीच माझ्या अहवालात लिहिलं होतं. त्यांच्या दिवसातला एकच आपला अर्धा तास मी मागत होते, आणि येत नाहीत म्हणून "सहभाग कमी" असा शेरा मारत होते.

आता बैठक साडेपाचला भरते. पावणेसात झाले की कुणीतरी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतं, आणि मी रजिस्टर मिटते.