छायाचित्र काढावे कसे?

(मंडळाच्या विद्यार्थी-गुणगौरव समारंभात, वागळे इस्टेट, ठाणे येथे दिलेले व्याख्यान)



आम्ही मॅट्रिक झालेले एक निवृत्त शिक्षक. छायाचित्रणाचे शास्त्र आम्ही कोणत्याही संस्थेत शिकलेलो नाही. तरीही कार्यकारी मंडळाने हा विषय आमच्यावर सोपविला, कारण या स्मरणिकेसाठी येणारी छायाचित्रे निवडण्याचे काम काही वर्षे आमच्याकडे आहे. त्यांत बक्षीस घेणाऱ्या मुलीची पाठ दिसते आणि हारतुऱ्यांचे टेबल मात्र स्वच्छ दिसते. समूहचित्रात कडेच्या आजीबाई अर्ध्याच येतात. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. मग उणीव कोठे राहते? आमच्या मते ती पाहण्याच्या सवयीत आहे.

प्रथम आमचीच चूक सांगतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1962 साली स्थापन झाले आणि वागळे इस्टेट ही त्याची पहिली औद्योगिक वसाहत. येथील भोंग्यावर ज्यांनी आपले आयुष्य बेतले, त्यांत आमचे वडील होते. 1979 साली ते कारखान्यातून निवृत्त झाले. त्या दिवशी आम्ही मित्राचा आग्फा क्लिक कॅमेरा मागून आणला. फिल्मच्या एका रोलमध्ये बारा चित्रे निघत. त्यांतील एकच शिल्लक होते. भर दुपारी वडिलांना फाटकापाशी उभे केले आणि कारखान्याची पाटी पूर्ण यावी म्हणून आम्ही मागे मागे सरत गेलो. चित्र धुऊन आले, तेव्हा पाटीवरील अक्षर न् अक्षर वाचता येत होते. वडिलांचा चेहरा नखाएवढा, आणि डोळे टोपीच्या सावलीत बुडालेले. दोन वर्षांनी वडील गेले. भिंतीवर लावण्यास घरात दुसरे चित्र नव्हते. आमच्या नातवंडांनी पणजोबांचे डोळे कधी पाहिलेले नाहीत.

त्या एका चित्रातील चुका हाच आमचा आजचा पाठ समजावा.

पहिली गोष्ट प्रकाशाची. मध्यान्हीचे ऊन डोक्यावरून पडते, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. अशा वेळी माणसाला भिंतीच्या किंवा झाडाच्या सावलीत आणावे व त्याचे तोंड उजेडाकडे करावे. आपल्या पश्चिमेस येऊरचे डोंगर आहेत. सूर्य त्यांच्या आड गेला की रायलादेवी तलावाच्या काठी काही वेळ मऊ उजेड राहतो. चेहऱ्यासाठी याहून चांगली वेळ नाही. घरात असाल तर खिडकीच्या बाजूस बसवावे, खिडकीकडे पाठ करून कधीही बसवू नये.

दुसरी गोष्ट अंतराची. कळ दाबण्यापूर्वी हे चित्र कोणाचे आहे, असे स्वतःस विचारावे. उत्तर 'वडिलांचे' असेल तर दोन पावले पुढे जावे. मात्र मोबाईल अगदी नाकाशी नेऊ नये; नाक मोठे व कान लहान दिसतात.

तिसरी गोष्ट मांडणीची. पाटीवर आपण फुल्लीगोळा खेळत असू. दोन उभ्या रेघा, दोन आडव्या. चित्राच्या चौकटीवर तशाच रेघा कल्पाव्यात. वरच्या आडव्या रेघेच्या आसपास डोळे यावेत. माणूस एका उभ्या रेघेवर असावा आणि तो ज्या दिशेस पाहतो, तिकडे मोकळी जागा सोडावी. डोक्यातून विजेचा खांब उगवलेला दिसत नाही ना, हेही पाहावे. मुलांचे चित्र घेताना स्वतः खाली बसावे. समूहचित्रात वृद्धांना मध्यभागी खुर्च्या द्याव्यात आणि कडेला थोडी जागा राखावी.

आता यंत्राविषयी थोडेसे. भिंगामागील छिद्र हे डोळ्याच्या बाहुलीसारखे लहानमोठे होते. 8, 11, 16 असा आकडा वाढत जातो, तसे छिद्र लहान होते आणि प्रत्येक पायरीस प्रकाश निम्मा होतो. पडदा किती काळ उघडा राहतो, हा दुसरा भाग. स्वच्छ उन्हात 100 वेगाच्या फिल्मला 16 आकड्यावर सुमारे एक शतांश सेकंद पुरतो. सभागृहात उजेड कमी असतो, म्हणून मोबाईल आपण होऊन अधिक वेळ प्रकाश घेतो. तेवढ्यात हात हलला की चित्र पुसट होते. कोपर अंगाशी घट्ट धरावे, खांबास टेकावे आणि बक्षीस देणाऱ्या पाहुण्यांस क्षणभर थांबण्याची विनंती करावी. पाहुणे रागावत नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

चलच्चित्रासही हेच नियम लागू आहेत. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी 1899 साली मुंबईत कुस्तीचे चित्रण केले. दादासाहेब फाळके यांनी 1912 साली वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसामागून दिवस टिपली. कॅमेरा जागचा हलला असता, तर पडद्यावर रोप वाढण्याऐवजी उड्या मारताना दिसले असते. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. त्यात कॅमेरा बहुतांशी समोर बसलेल्या प्रेक्षकासारखा स्थिर आहे. पुढे 1934 साली प्रभातच्या 'अमृतमंथन'मध्ये व्ही. शांताराम यांनी दूरवेधी भिंग लावून चंद्रमोहन यांचा डोळा पडदाभर दाखविला. तेव्हा आपल्या घरच्या लग्नात प्रथम सारा मांडव दाखवावा, मग वधूवर, मग मामाच्या डोळ्यांतील पाणी. प्रत्येक दृश्य मनात दहा अंक मोजेपर्यंत स्थिर धरावे. वधू डावीकडे, वर उजवीकडे असे एकदा दाखविले, की दोघांमधील कल्पित रेषा ओलांडून पलीकडे जाऊ नये; नाहीतर पाहणाऱ्यास दिशाच कळेनाशी होते.

विद्यार्थिमित्रांनो, शिक्षकाचा स्वभाव जात नाही, म्हणून गृहपाठ देतो. येत्या रविवारी घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीस खिडकीपाशी बसवा, टोपी किंवा पदर किंचित मागे सारण्यास सांगा, जवळ जा आणि एक चित्र घ्या. ते कागदावर छापून घ्या. मागे नाव, गाव आणि साल लिहा. आमच्या वडिलांच्या चित्रातील तो कारखाना आता उभा नाही, त्याच्या पाटीची आज कोणास गरज नाही. डोळ्यांची गरज मात्र रोज भासते.