जुन्या-नव्या रॅमची जोडी

पुण्यांतील एका सहकारी गृहरचना संस्थेचे मानद चिटणीस हिशेबाच्या कामीं अत्यंत काटेकोर म्हणून ओळखले जात. सभासदांकडून आलेल्या प्रत्येक रुपयाची पावती ते स्वतः फाडीत आणि रात्रीं जेवणें आटोपल्यावर तिची नोंद घरच्या संगणकांत करीत. हा संगणक २०१७ सालीं घेतलेला. पुढें तो फार मंद चालूं लागला, तेव्हां त्यांच्या पुतण्यानें रॅमची एक नवी पट्टी आणून जुन्या पट्टीच्या शेजारीं बसवून दिली. आठ जीबीचे सोळा जीबी झाले, यंत्र चपळाईनें चालूं लागलें आणि काकांनीं पुतण्याची पाठ थोपटली.

परंतु आठ दिवस जातात न जातात तोंच संगणक चालतां चालतां अकस्मात् थांबूं लागला. कधीं पडदा निळा होई, कधीं यंत्र आपोआप पुन्हां सुरू होई. पुतण्यानें व्हायरसचा संशय घेतला, वायरमननें विजेच्या दाबाकडे बोट दाखविलें. अखेर वार्षिक सभेच्या चार दिवस आधीं वर्षाच्या हिशेबाची फाईल उघडेनाशी झाली. पेनड्राइव्हवर ठेवलेली प्रत काढून पाहिली, तर तीही उघडेना. "हिशेब नेमका सभेच्या तोंडावरच कसा बिघडतो?" असें एक सभासद जिन्यांत बोलून गेले, आणि तें चिटणिसांच्या कानीं आलें. प्रामाणिक मनुष्यास याहून मोठा घाव तो कोणता?

असा प्रसंग आज पुष्कळ घरांत येण्याजोगा आहे. म्हणून त्याचें मूळ श्रोत्यांनीं नीट समजून घ्यावें हें बरें.

रॅम म्हणजे संगणकाची चालू कामापुरती स्मृति. कायमचें दप्तर डिस्कच्या कपाटांत असतें. परंतु कोणताही कागद वाचावयाचा, बदलावयाचा किंवा त्याची नक्कल करावयाची, तर तो आधीं रॅमच्या मेजावर यावा लागतो. आजच्या रॅमची मूळ कल्पना आयबीएम कंपनींतील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ सालीं सुचली आणि १९६८ सालीं त्यांना तिचें पेटंट मिळालें. तींत एकेक बिट म्हणजे विद्युद्भाराची एक अतिसूक्ष्म कुपी. भरलेली असली तर एक, रिकामी असली तर शून्य. ही कुपी गळकी असल्यामुळें सामान्यतः ६४ मिलिसेकंदांच्या आंत ती पुन्हां भरून घ्यावी लागते. वाचण्याभरण्याची ही वेळ किंचित् चुकली कीं एकाचें शून्य होतें. त्याचा परिणाम किती, तें एका आकड्यावरून कळेल. ५००० ही संख्या संगणकाच्या द्विमान पद्धतींत मांडली आणि तिच्यांतील सर्वांत वरचा एकच बिट पालटला, तर उरतात ९०४.

आतां जुन्या-नव्याची जोड. रॅमच्या पिढ्या आहेत. डीडीआर३ ला १.५ व्होल्ट दाब लागतो, डीडीआर४ ला १.२ आणि डीडीआर५ ला १.१. प्रत्येक पिढीच्या पट्टीवरील खांच निराळ्या जागीं असते, म्हणून एका पिढीची पट्टी दुसरीच्या खोबणींत बसत नाहीं. बसत नसेल तर ती दाबून बसविण्याचा हट्ट धरूं नये. खरा घोटाळा होतो तो एकाच पिढीच्या, परंतु निरनिराळ्या वेगाच्या पट्ट्यांत. या घरची जुनी पट्टी डीडीआर४, २४०० वेगाची, म्हणजे सेकंदाला २४० कोटी वेळां देवघेव करणारी. नवी ३२०० ची. प्रत्येक पट्टीवर तिची स्वतःची माहिती लिहिलेली एक इवलीशी चिप असते. संगणक सुरू होतांच बायोस ती वाचतो आणि दोघींना झेपेल अशी, म्हणजे मंद पट्टीची, चाल ठरवितो. एका जुवाला जोडलेल्या बैलांना ज्याप्रमाणें सावकाश चालणाऱ्याच्या पावलानेंच चालावें लागतें, त्याप्रमाणेंच हें आहे.

हें कोडें उलगडलें तें पुतण्याच्या धाकट्या बहिणीनें. ती अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकते. तिनें येतांच सांगितलें, "काका, आधीं या संगणकावर कांहीं लिहूं नका आणि कांहीं जतन करूं नका."

"अग, पण सभा चार दिवसांवर आली!"

"म्हणूनच म्हणतें. यांतून जी नक्कल निघेल, तीही बिघडलेलीच निघायची."

पेनड्राइव्हवरील प्रत कां उघडली नाहीं, याचा उलगडा या एका वाक्यांत होता. ती प्रत नवी पट्टी बसविल्यानंतर घेतलेली, अर्थात् याच बिघडलेल्या स्मृतींतून गेलेली होती.

मग तिनें विजेची तार काढली, पेटीच्या धातूला हात लावून अंगांतील स्थिर वीज उतरूं दिली, पट्ट्या काढून त्यांच्या सोनेरी कडा कोरड्या मऊ फडक्यानें हलकेच पुसल्या. दुसऱ्या संगणकावर मेमटेस्ट८६ ही स्मृति तपासणारी प्रणाली पेनड्राइव्हवर तयार करून घेतली. पहिल्यानें जुनी पट्टी एकटी बसवून तपासली. चुका शून्य. नंतर त्याच खोबणींत नवी एकटी. पुन्हां शून्य. मग तीच पट्टी दुसऱ्या खोबणींत, तेथेंही शून्य. शेवटीं दोन्ही एकत्र बसविल्या मात्र, आणि तासाभरांत तांबड्या अक्षरांत चुकांची रांग लागली.

या तपासणींत एक चूक देखील क्षम्य नाहीं. एकच पट्टी प्रत्येक खोबणींत चुकत असेल तर ती पट्टी सदोष. प्रत्येक पट्टी एकाच खोबणींत चुकत असेल तर दोष मदरबोर्डचा. येथें पट्ट्याही निर्दोष आणि खोबणीही निर्दोष, तेव्हां दोष जोडणींत. बायोस उघडून पाहिल्यावर तो सांपडला. नव्या पट्टीचा वेग वायां जाऊं नये म्हणून पुतण्यानें एक्सएमपी नांवाची सोय चालू केली होती. तिच्यामुळें दोन्ही पट्ट्या ३२०० च्या वेगानें आणि १.३५ व्होल्टच्या दाबावर धांवत होत्या. नवी त्यासाठींच बनविलेली. जुनीची मात्र दमछाक होत होती. जुनीवर अशा वेगाची नोंदच नसल्यामुळें ती एकटी असतां बायोस तिला तिच्या स्वतःच्या चालीनें चालवी, म्हणून एकटी ती कधीं चुकली नाहीं. एक्सएमपी बंद करून वेग २४०० वर आणला. दोन्ही पट्ट्या रात्रभर तपासल्या. सकाळीं चुका शून्य.

मंद वेगावरही जोडी जमली नसती, तर बायोसची नवी आवृत्ति घालून पाहणें, आणि तेंही न साधल्यास एकाच पाकिटांतून आलेली जुळी पट्ट्यांची जोडी घेणें, हाच मार्ग उरला असता.

यंत्र सुधारलें, तरी बिघडलेली फाईल आपोआप सुधारत नाहीं. दैवानें नवी पट्टी बसविण्यापूर्वींची एक प्रत चिटणिसांनीं सीडीवर काढून ठेवली होती. त्यापुढच्या नोंदी त्यांनीं पावतीपुस्तकांच्या स्थळप्रतींवरून दोन रात्रीं बसून पुन्हां केल्या. सभेंत त्यांनीं घडलेला प्रकार सांगितला आणि पावतीपुस्तकें मेजावर ठेवलीं. जिन्यांत बोलणाऱ्या सभासदांनींच पुढें होऊन बेरीज पडताळली. ती जुळली.

तेव्हां ज्यांना जुन्या संगणकांत नवी रॅम घालावयाची असेल, त्यांनीं आधीं सर्व दप्तराची एक प्रत बाहेर काढून ठेवावी, पट्टी बसविल्यावर त्याच रात्रीं तपासणी करावी, आणि वेग वाढविण्याचा मोह आंवरावा. मंद पट्टीमुळें फार तर थोडा वेळ अधिक जाईल. परंतु एक बिट पालटला, तर चूक कोठें झाली हें कळण्यापूर्वींच मनुष्यावर आळ येतो.