कलम उघडून लिहा



बौद्धिक संपदा आणि तंत्रज्ञान कायद्यावर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या या संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. आठवडाभर मी तुमचे लेख वाचत होतो. त्यांतली तळमळ मला फार आवडली. एक तक्रार मात्र आहे, ती कोल्हापुरी चपलेच्या निमित्ताने सांगतो.

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने थेट कोल्हापुरीच्या वळणाची पादत्राणं दाखवली. आपल्याकडे संताप उसळला, आणि तो रास्तच होता. 'आपलं जीआय चोरलं' असं जो तो लिहू लागला. चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजेच जीआय, मिळालं, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे त्यात आले, हे खरं. पण 1999 च्या भौगोलिक मानांकन कायद्याचं कलम 22 काढा. माल त्या मुलखातला आहे असा गिऱ्हाइकाचा समज होईल अशा रीतीने मानांकन वापरलं, तर ते उल्लंघन. प्राडाने कोल्हापूरचं नावच घेतलं नव्हतं. म्हणजे ज्या गोष्टीचा आपल्याला राग आला, तीच कायद्यात त्यांच्या पथ्यावर पडत होती! चपलेचा अंगठा, कान, वेणी यांना डिझाइनच्या कायद्याचाही आधार नाही. तो नव्या घडणीला संरक्षण देतो, पिढ्यान्‌पिढ्यांच्या घडणीला नव्हे.

जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राडाविरुद्धची जनहित याचिका फेटाळली. दाद मागायची तर मानांकनाच्या नोंदणीकृत मालकाने यावं, हा तिथला मुद्दा होता. हे मालक म्हणजे दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळं. त्यांच्याबरोबर आणखी एकाला दाद मागता येते: नोंदणी केलेल्या 'अधिकृत वापरकर्त्या'ला. कोल्हापूरच्या सुभाषनगरात चामडं कापणारा कारागीर असा वापरकर्ता होऊ शकतो. त्याने अर्ज कुठे करायचा, सोबत काय जोडायचं, नोंद झाल्यावर त्याच्या हाती नेमकं काय येतं, हे त्याच्या भाषेत सांगणारा लेख त्या महिन्यात मी शोधत होतो. मला तो सापडला नाही.

असा साधा लेख किती मोलाचा ठरतो, हे हळदीच्या गोष्टीत दिसतं; ती तुम्हाला ठाऊक आहे. 1995 मध्ये जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) त्याला आव्हान दिलं आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. आपण हे अभिमानाने सांगतो, पण ते कशामुळे रद्द झालं हे सहसा सांगत नाही. त्या काळच्या अमेरिकन कायद्यात परदेशातला नुसता वापर धरला जात नसे. छापलेला मजकूर मात्र धरला जाई. घरोघरी खरचटल्यावर हळद दाबणाऱ्या आयांची साक्ष तिथे चालली नसती. चालले ते 32 लेखी संदर्भ. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते आणि भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातला 1953 चा एक लेखही होता. तो लिहिणाऱ्याच्या मनात अमेरिकेचं पेटंट असणं शक्यच नव्हतं. त्याने पाहिलं ते नीट लिहून ठेवलं आणि छापलं, एवढंच. मला त्या लेखकाबद्दल अतोनात आदर वाटतो.

तुमच्याकडूनही मी हेच मागतो. निकालावर लिहिताना बातमीवर विसंबू नका, निकालपत्र वाचा. कायद्याचं नाव घेतलंत तर कलम उघडा. मराठीत लिहा; 'अधिकृत वापरकर्ता' हा शब्द जड वाटला, तर दोन वाक्यांत तो सोडवून सांगा. आणि पुढचा लेख हाती घेण्याआधी एकदा कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत जा. तिथल्या कारागिराला विचारा, मानांकनाच्या नोंदवहीत त्याचं नाव आहे का. नसेल, तर त्याच्याशेजारी बसून अर्ज भरा आणि मग लिहा.