वीरांची स्मृती : दगड आणि कागद



सुरतेच्या इंग्रजी कबरस्तानात ऑक्झेंडन बंधूंची भव्य समाधी आहे. ख्रिस्तोफर १६५९ साली, तर सर जॉर्ज १६६९ साली निवर्तले. व्यापारासाठी आलेल्या या परकीयांची नावे सुरतेच्या मातीने तीन शतकांहून अधिक काळ जपली.

याच्या उलट दिशेने गेलेल्या श्रीकृष्ण वेलिंगकरांचे नाव मात्र किती मराठी घरांत ठाऊक असेल? मुंबईचे हे तरुण केंब्रिजला शिकले आणि पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात लढाऊ वैमानिक झाले. जून १९१८ मध्ये फ्रान्सवरील एका उड्डाणातून ते परतले नाहीत. जखमी अवस्थेत ते जर्मनांच्या हाती सापडले आणि ३० जूनला त्यांचे निधन झाले. त्यांचे वय अवघे २३ वर्षांचे होते. जर्मनांनी केलेल्या दफनाच्या नोंदीत त्यांच्या नावाचा अपभ्रंश झाला. युद्धानंतर शोध झाला, तेव्हा कुठे त्या कबरीला तिचे खरे नाव लाभले. वेलिंगकरांच्या निधनानंतर तीनच आठवड्यांनी, २२ जुलैला, कलकत्त्याचे इंद्रलाल रॉय आकाशातच धारातीर्थी पडले. ते १९ वर्षांचे होते.

जपानमधील चिरान येथे अशाच कोवळ्या वैमानिकांचे स्मृतिसंग्रहालय आहे. १९४५ साली ओकिनावाच्या लढाईत जपानी भूसेनेच्या आत्मघातकी हल्ल्यांत १,०३६ जणांचा बळी गेला. त्यांची छायाचित्रे आणि अखेरची पत्रे तेथे जतन केलेली आहेत. सैनिकी तपासणीमुळे मनातले सारे लिहिण्याची मुभा नव्हती. म्हणून तोमे तोरिहामा या खाणावळ चालविणाऱ्या बाईंनी त्यांतील काही पत्रे गुपचूप घरोघरी धाडली. ती पत्रे वाचताना प्रेक्षकासमोर वीर उभा राहत नाही. आईचा निरोप घेणारा मुलगा उभा राहतो. त्या तरुणांना मरणाकडे धाडणाऱ्या राजवटीचे समर्थन न करताही त्यांच्यासाठी डोळे पाणावतात.

दगड नाव सांगतो, माणूस मात्र कागदातूनच कळतो. आणि कागदावरचे एक चुकलेले अक्षरही माणसाला हरवू शकते. म्हणून ज्या घरांतून कोणी सैन्यात गेले, त्या घरांतील पत्रे, रोजनिशा आणि छायाचित्रे मिळवून, नाव-गाव-तिथीची नीट नोंद करून जपणे, हे ग्रंथालयाचेच कार्य होय. शतक पूर्ण करणाऱ्या संस्थेने पुढील शतकाला द्यावा असा याहून मोलाचा ठेवा कोणता?