निळी खूण आणि वीस मिनिटांचा फोन

(हिंजवडी येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय आहे 'दूरशिक्षणाचं तंत्रज्ञान आणि देशोदेशींचं एकत्र संशोधन'. मी इथेच हिंजवडीत फेज दोनमध्ये काम करते. आमची टीम ऑनलाइन शिकण्याचं सॉफ्टवेअर बनवते, म्हणून संयोजकांना वाटलं असेल की ही नीट बोलेल. पण मी माझ्या एका चुकीपासून सुरुवात करते.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या. माझी खाला राहते त्या वस्तीतल्या मुलींसाठी मी आणि ऑफिसमधल्या दोघांनी व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. रोज गणिताचा एक व्हिडिओ आणि पाच उदाहरणं. कोणी काय पाहिलं याची एक्सेलमध्ये नोंद. निळी खूण आली की तो चौकोन हिरवा. दोन महिन्यांत आमचा तक्ता जवळजवळ सगळा हिरवा झाला. मी तो ऑफिसच्या मीटिंगमध्ये दाखवलासुद्धा, टाळ्या पडल्या.

शाळा उघडल्यावर खालाकडे गेले, तेव्हा शेजारची सातवीतली मुलगी भेटली. तिच्या नावापुढची सगळी ओळ हिरवी होती. तिला मी साधा भागाकार घातला, दोन अंकी संख्येला एक अंकी संख्येने. तिला आला नाही. मग कळलं की घरात फोन एकच, तो अब्बांचा, आणि अब्बांची रिक्षा सुरू झाल्यावर तो सकाळी सातला त्यांच्याबरोबर जायचा. रात्री आला की आधी भावाचं कॉलेज. निळ्या खुणा भावाच्या होत्या. दुसरी गोष्ट याहून साधी. त्या मुली उर्दू माध्यमाच्या. बालभारतीच्या उर्दू पुस्तकात भागाकाराला तकसीम म्हणतात आणि मी मराठी माध्यमात शिकलेली, सगळं मराठीत पाठवत होते. एकीनेही तक्रार केली नाही. करणार कुणाकडे? ग्रुपवर लिहायची परवानगी आम्ही फक्त अॅडमिनला ठेवली होती.

हे मनात सलत असताना बोट्सवानातल्या एका प्रयोगाचा निबंध वाचनात आला. तिथली 'यंग लव्ह' ही संस्था आणि नोम अँग्रिस्ट व त्यांचे सहकारी यांनी तो प्रयोग त्याच २०२० मध्ये, शाळा बंद असताना केला. साडेचार हजारांच्या आसपास कुटुंबं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले. एका गटाला आठवड्याला एसएमएसवर गणिताची उदाहरणं. दुसऱ्याला तोच एसएमएस आणि वर साधारण वीस मिनिटांचा फोन. तिसऱ्याला काहीच नाही. इंटरनेट नाही, स्मार्टफोनची अट नाही. फोन करणारी व्यक्ती आईला किंवा वडिलांना सांगायची, मुलाला बोलवा, स्पीकर लावा. आणि मग तिघं मिळून उदाहरण सोडवायचे.

फक्त एसएमएस मिळालेल्या मुलांत सांगण्यासारखा फरक पडला नाही. फोन आलेल्यांचं गणित सुधारलं. पुढे हाच प्रयोग भारत, केनिया, नेपाळ, फिलिपिन्स आणि युगांडा इथे मिळून १६ हजारांहून जास्त मुलांवर झाला. तिथेही नुसत्या संदेशाचा परिणाम थोडा आणि फोनचा त्याच्या कितीतरी पट. वाचताना मला माझा हिरवा तक्ता दिसत होता.

आता यातला आपल्या घरचा भाग. फोनवर मूल कितवीत आहे यापेक्षा त्याला काय येतं हे बघायचं, बेरीज येते की वजाबाकी, आणि तिथूनच पुढे न्यायचं, ही रीत बोट्सवानाला गेली ती भारतातून. १९९५ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत काम सुरू केलेल्या 'प्रथम'ने ती घडवली. प्रथमच्या 'बालसखी' कार्यक्रमात वस्तीतलीच एखादी तरुणी वर्गात मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास वेगळी घेऊन बसायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात त्याची मोजणी केली, निबंध २००७ मध्ये आला. वडोदऱ्यात त्यांनी संगणकावरचे गणिताचे खेळही तपासले. माझ्या धंद्याच्या बाजूने सांगते, संगणकाने गणित चांगलंच सुधारलं, कारण तो खेळही मुलाच्या पातळीप्रमाणे बदलत होता. पण दर मुलामागे खर्च बालसखीपेक्षा फार जास्त. हा हिशेब आमच्या क्षेत्रातली माणसं सहसा सांगत नाहीत.

पुण्याजवळचं उदाहरण फलटणचं आहे. सुगत मित्रांना २०१३ मध्ये टेड पुरस्काराचे दहा लाख डॉलर मिळाले. त्यातून सात प्रयोगशाळा निघाल्या, दोन इंग्लंडमध्ये, पाच भारतात. त्यातली एक फलटणला, मॅक्सिन बर्नसन यांनी उभारलेल्या प्रगत शिक्षण संस्थेत. मित्रांचं म्हणणं असं की मुलांना इंटरनेट आणि एक चांगला प्रश्न द्या, ती आपली आपण शिकतात. ते मला पूर्ण पटत नाही. पण त्यांनीच २००९ पासून स्काइपवर 'आज्या' जोडायला सुरुवात केली होती. परदेशातली, बरीचशी निवृत्त शिक्षक असलेली माणसं पडद्यावर यायची, गोष्ट वाचायची, मुलांना "अरे वा, हे कसं केलंस?" विचारायची. आपण आपलं शिकणाऱ्या मुलालाही असं विचारणारं कुणीतरी लागत होतं, हे मला त्या सिद्धान्ताहून महत्त्वाचं वाटतं.

त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. दहावीला तिचं गणित राहिलं. घरात शिवणकामाचा विषय निघाला, शाळा पुरे असंही कुणी म्हणालं. खालाने तिच्या अम्मीशी बोलून एक वर्ष मागून घेतलं. तेव्हापासून मी दर बुधवारी रात्री साडेनऊला फोन करते. अब्बा जेवत असतात, फोन स्पीकरवर त्यांच्या ताटाशेजारी. पहिल्या आठवड्यांत आम्ही तकसीमच केली, दहावीच्या पुस्तकाला हातही लावला नाही. कधीकधी अब्बा घास थांबवून उत्तर आधी सांगतात, रिक्षाच्या हिशेबाने त्यांचं डोकं तेज आहे. मग मी त्यांना गप्प करते.

आता असे अकरा फोन लावायचे आहेत आणि आम्ही आहोत चौघं. इथे बसलेल्यांपैकी काहींनी मघाशी विचारलं, कंपनीच्या सीएसआरमधून टॅबलेट मिळतील का. मिळतील, पण आज मी ते मागत नाहीये. आठवड्यातून एक ठरलेला वार, रात्रीची वीस मिनिटं, निदान एक वर्ष, एवढं देणारी माणसं हवीत. उर्दू किंवा दखनी बोलता आलं तर उत्तम; अंकांचे उर्दू शब्द मी लिहून ठेवलेत, मलाही ते शिकावे लागले. वाकड पुलाखाली आपल्यातल्या प्रत्येकाचा याहून जास्त वेळ रोज जातो. दाराशी वही ठेवली आहे. त्यात फोन नंबरआधी वार लिहा.